अण्णांची एंडोस्कोपी : सोनोग्राफी नॉर्मल आली तरी करायचीच का?

कराडची_लेक
अण्णा ६४ वर्षांचे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून बरेच महिने खातायत. आता शौचाला डांबरासारखं काळं होतंय, जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन ८ आलंय. सोनोग्राफी नॉर्मल, तरी डॉक्टर उद्याच दुर्बिणीतून तपासू म्हणतात. अण्णा अडून बसलेत, "पित्ताची गोळी द्या, घशात नळी नको." काय करू?

स्कोपरूम_सिस्टर
ताई, उद्याची वेळ अजिबात चुकवू नका. लोहाच्या गोळ्या चालू नसतील तर असं काळं, चिकट म्हणजे बहुधा जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त झिरपतंय. वेदनाशामक गोळ्यांनी अल्सर होतो, आणि अस्तरावरची ती जखम सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. दुर्बिणीत दिसते, आणि रक्त चालू असेल तर तिथल्या तिथे इंजेक्शन देऊन किंवा क्लिप लावून थांबवताही येतं. पित्ताच्या गोळीला हे जमणार नाही. रात्रीत चक्कर आली, रक्ताची उलटी झाली तर तडक कॅज्युअल्टी गाठा.

अण्णांना माझ्याकडून सांगा : नळी साधारण करंगळीएवढी असते आणि अन्ननलिकेत जाते, श्वासाची वाट मोकळीच राहते. आधी घशात स्प्रे मारतात. कडू लागतो, घसा जड होतो, गिळताच येत नाहीसं वाटतं. तिथेच माणसं घाबरतात. डाव्या कुशीवर झोपायचं, दातांत माउथगार्ड, लाळ गिळायची नाही, खुशाल उशीवर वाहू द्यायची. आत हवा भरतात म्हणून ढेकर येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी अशा वेळी पेशंटचा खांदा धरून उभी असते.

जुना_अल्सरवाला
माझ्या वेळी जठराच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला, अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू निघाला. अँटिबायोटिकचा १४ दिवसांचा कोर्स नेटाने पुरा केला, त्यानंतर त्रास नाही. याच जंतूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. अण्णांचीही ही तपासणी करून घ्या.

कराडची_लेक
हार्टच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवलाय, त्यामुळे ॲस्पिरिनही चालू आहे. आज बंद करू?

स्कोपरूम_सिस्टर
मनाने बंद करू नका, स्टेंट तुंबण्याची भीती असते. हार्टच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा आणि उद्या आत जाण्याआधी आम्हा स्टाफलाही सांगा. गुडघ्याची गोळी मात्र आजपासून बंद. पोट रिकामं हवं, निदान सहा तास खाणं नाही. झोपेचं इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी गाडी चालवू देऊ नका, सोबत कुणीतरी हवंच.