डायनोसॉर ते पक्षी: भिंतीवर रांग काढू की झाड?

चित्रकला_सर_सोलापूर
नमस्कार. शाळेतल्या प्रयोगशाळेबाहेरची लांब भिंत मला विज्ञान प्रदर्शनासाठी रंगवायला मिळाली आहे. विषय: डायनोसॉरपासून पक्षी कसे झाले. डोक्यात रांग आहे. आधी सिनोसॉरोप्टेरिक्स हा छोटा डायनोसॉर, मग आर्किओप्टेरिक्स हा पंखवाला आद्यपक्षी, शेवटी कावळा. नववीतल्या एका मुलीनं तारखा वाचल्या आणि विचारलं, "सर, आर्किओप्टेरिक्स १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि सिनोसॉरोप्टेरिक्स १२.५ कोटींचा. मग आधीचा नंतरच्यापासून कसा झाला?" तिला नीट उत्तर द्यायचं आहे. शिवाय पिसं हातावर नेमकी कुठून सुरू होतात? आणि रंग मनानेच द्यायचे का? भिंतीवरचं चित्र पोरं वर्षानुवर्षं बघणार, म्हणून विचारतोय.

नान्नजचा_माळ
सर, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न क्वचित ऐकला.

रांग नको, झाड काढा. सिनोसॉरोप्टेरिक्स हा पक्ष्यांचा आजोबा नाही, चुलत घराण्यातला आहे. दोघांचा समाईक पूर्वज १५ कोटींच्याही आधीचा. चीनमधल्या लिआओनिंगला तळ्यांच्या गाळात ज्वालामुखीची बारीक राख बसली, म्हणून तिथे मऊ पिसांचेही ठसे टिकले. ते ठसे १२.५ कोटींचे, एवढाच त्या तारखेचा अर्थ. पिसं त्याच्या कितीतरी आधीची. भिंतीच्या खालच्या कडेला वर्षांची पट्टी आखा आणि प्रत्येक प्राणी आपापल्या तारखेवर, फांदीच्या टोकाला बसवा.

आता हात. चित्रांत मला सगळ्यात खटकतं ते इथेच. सरड्याचा हात काढतात आणि पिसं मनगटाशी संपवतात. सिनोसॉरोप्टेरिक्सला नुसते केसासारखे तंतू होते, त्याला पंख नकोच. पण व्हेलोसिरॅप्टर आणि कॉडिप्टेरिक्स हे पिसांचे डायनोसॉर, तसंच आर्किओप्टेरिक्स, यांची मोठी पिसं दुसऱ्या बोटापासून सुरू होऊन कोपराकडे जातात. तळवे जमिनीकडे नकोत, एकमेकांकडे. मंगोलियातल्या एका व्हेलोसिरॅप्टरच्या कोपराखालच्या हाडावर पिसं रुजल्याचे उंचवटे २००७ साली ओळखले गेले. तेव्हा त्याला उघड्या कातडीचा काढू नका.

मुलांना हे हातात घेऊन बघू द्या. चिकन सेंटरमधून अख्खा पंख आणा, शिजवून मांस काढा, बोटांची हाडं दिसतात. छातीच्या वरचं व्ही आकाराचं हाडही मागून घ्या. ते टायरॅनोसॉरसलाही होतं.

मग मैदानातलं पारव्याच्या पंखाचं पीस उचला. दांड्याच्या एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद. उडण्याच्या पिसाची ही खूण, आणि आर्किओप्टेरिक्सचं पीस असंच आहे. कॉडिप्टेरिक्सचं मात्र दोन्हीकडे सारखं, तो उडणारा नव्हता. म्हणजे पिसं आधी आली, उडणं नंतर. अंगाला ऊब द्यायला आणि जोडीदारासमोर मिरवायला ती उपयोगी पडली असणार. ही एक गोष्ट भिंतीवर ठसठशीत दिसली पाहिजे, कारण पुस्तकं वाचूनही मुलांच्या मनात उलटंच बसलेलं असतं.

जकार्डवाला
मी चादरीचे डिझाइन काढतो, त्यामुळे रंगाचा प्रश्न वाचून थांबलोच. सर, काही प्राण्यांचे रंग माहीत आहेत. पिसांच्या ठशांत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या सापडतात, त्यांना मेलॅनोसोम म्हणतात. लांबट असल्या तर काळा-करडा, गोलसर असल्या तर तांबूस. त्यावरून २०१० साली कळलं की सिनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते. मायक्रोरॅप्टर हा पिसांचा छोटा डायनोसॉर चकाकता काळा होता, हे २०१२ मध्ये समजलं. त्याला काळ्यावर निळसर झाक द्या, कावळ्याच्या पाठीवर उन्हात दिसते तशी. ज्यांचा पुरावा नाही त्यांच्याखाली "रंग अंदाजाने" असं मोठ्या अक्षरात लिहा. पोरं ते वाचतात.

चित्रकला_सर_सोलापूर
मनापासून आभार. झाडच काढतो. आता वाटतंय, टोकाला कावळ्याऐवजी माळढोक घ्यावा. नान्नजचं अभयारण्य आपल्या जिल्ह्यातलं, आणि कित्येक मुलांनी तो पक्षी चित्रातही पाहिलेला नाही.

नान्नजचा_माळ
जरूर घ्या. कावळाही राहू द्या, त्याची वेगळी फांदी काढा. वर्षांच्या पट्टीवर ६.६ कोटींजवळ एक जाड काळी रेघ मारा. डायनोसॉरांचा नाश तेव्हाचा, आणि आपल्या पायाखालचा काळा पाषाणही त्याच सुमाराच्या लाव्ह्याचा. रेघेच्या पुढे फक्त पक्ष्यांच्या फांद्या जाऊ द्या, बाकी सगळ्या अलीकडेच संपवा. माळढोकाचा नर काढत असाल तर अंग भारदस्त असू द्या, वजन १५ किलोपर्यंत जातं. आणि पायाला पुढची तीनच बोटं काढा, मागचं बोट माळढोकाला नसतं.