डेटा टीममध्ये दिवसभर नक्की काय काम असतं?

चाकणचा_मेक
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलवाला, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. एक्सेल, पिव्होट, मिनिटॅब (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) येतं, एसक्यूएल आणि पायथनचा कोर्सही केलाय. आता खराडीतल्या एका ॲप कंपनीकडून डेटा ॲनालिस्टची ऑफर आलीये, पगार बरा आहे पण रोज तिथे काय करायचं असतं ते कुणी धड सांगत नाही. कोर्समध्ये तर नुसतं मशीन लर्निंग. तेच करावं लागतं का? आणि शिफ्ट नसते म्हणतात ते कितपत खरं?

क्वेरी_बाई
मशीन लर्निंग विसर रे सध्या. सकाळी लॅपटॉप उघडला की रात्रीचे जॉब, म्हणजे डेटा आपोआप भरणारी कामं, नीट चाललेत का बघायचं, ती चालवणाऱ्या एअरफ्लो टूलमध्ये लाल दिसलं की झालं, काम इंजिनीअरचं असलं तरी "डॅशबोर्ड परवाचाच का दाखवतोय" हे मार्केटिंगवाला तुलाच विचारणार. मग दिवसभर स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, "एक छोटासा नंबर हवाय". तो छोटासा कधीच नसतो.
आमच्याकडे एकदा प्रॉडक्टवाले आणि फायनान्सवाले एकाच मीटिंगला एकाच दिवसाच्या ऑर्डरचे दोन आकडे घेऊन आले. चुकलं कुणाचंच नव्हतं. सर्व्हर वेळ लिहितो यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपण ५:३० तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये आलेली ऑर्डर तिथे आदल्या तारखेला पडते. एकाने भारतीय वेळ करून घेतलेली, दुसऱ्याने तशीच उचललेली, वर कॅन्सल ऑर्डर एकाने धरलेल्या आणि एकाने नाही. दुपार गेली त्यात. असलं खणत बसायला मजा येत असेल तर ये, रोज काहीतरी नवीन बनवायचंय असं असेल तर वैतागशील.

वऱ्हाडी_टेबल
भाऊ मी इंजिनीअर साइडचा, एकच विनंती करतो, आल्या आल्या सिलेक्ट स्टार मारू नको, म्हणजे एसक्यूएलमध्ये टेबलचे सगळे कॉलम मागवू नको. बिगक्वेरी या गूगलच्या डेटा सर्व्हिसच्या ऑन-डिमांड प्लॅनमध्ये बिल किती डेटा वाचला त्यावर लागते. खाली लिमिट १० (दहाच ओळी दाखव) लिहिलं म्हणून साध्या टेबलवर पैसे वाचत नाहीत बाप्पा, लागतील तेवढेच कॉलम घे आणि टेबलचे तारखेवर तुकडे (पार्टिशन) पाडलेले असतील तर तारीख टाक. नवीन पोरं हमखास इथंच शिव्या खातात.
आणि एक्सेल सोडवत नाही माहीत आहे, पण मोठा डेटा त्याच्यात नको ओतू. २०२० मध्ये इंग्लंडात कोरोनाच्या जवळपास १६,००० केसेस वेळेवर रिपोर्टच झाल्या नाहीत, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. सरकारी यंत्रणेचं हे असं, तर आपण कोण.

गेज_ते_गिट
मीपण क्वालिटीतूनच आलो. तू गेज आर अँड आर केलं असशीलच ना, एकच पार्ट, दोन ऑपरेटर, दोन रीडिंग, मग दोष पार्टचा की मोजण्याचा ते शोधायचं. वर ताईंनी सांगितलेला किस्सा तोच आहे. मिनिटॅबवाल्यांना हे काम कॉम्प्युटर सायन्सच्या पोरांपेक्षा लवकर कळतं असं माझं प्रामाणिक मत, भले कोड हळू लिहीत असू.
शिफ्टचं म्हणशील तर पंचिंगवाली नसते, पण ऑन-कॉल, म्हणजे काही बिघडलं तर अवेळीही कामाला बसायची पाळी, काही ठिकाणी असतो आणि सेलच्या रात्री तो भारी पडतो. एचआरला नको, होणाऱ्या मॅनेजरला विचार. त्यालाच हेही विचार की टीम कुणाला रिपोर्ट करते. मार्केटिंगखाली असेल तर आकडे चांगले दिसावेत म्हणून प्रेशर येतं, मी भोगलंय.

चाकणचा_मेक
गेज आर अँड आरचं वाचून जीवात जीव आला 😀 रिपोर्टिंग प्रॉडक्ट हेडला आहे म्हणे. ऑन-कॉलचं एचआरलाच माहीत नाही, सोमवारी मॅनेजरशी कॉल लावून देतायत.

क्वेरी_बाई
मग त्या कॉलमध्ये हेही विचार की आकड्यांची व्याख्या कुठे लिहून ठेवलीये का. हसला तर समज नाहीये.