विषय: संक्रांतीच्या तुपासाठी लोणी कोणते घ्यावे?

प्रेषक: भोजन समिती
दिनांक: ४ जानेवारी २०२६

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आपल्या ब्रिटनमधल्या मराठी मंडळाचा मेळावा १८ तारखेला आहे आणि तूप आदल्या आठवड्यात कढवावे लागते, त्यामुळे लोण्याचा निर्णय येत्या गुरुवारपर्यंत व्हायलाच हवा. सव्वाशे पानांच्या गुळपोळ्यांना सहा किलो तूप लागते. बेरी आणि भांड्याला लागलेले वजा जाता तेवढ्या तुपासाठी अडीचशे ग्रॅमची बत्तीस पाकिटे, म्हणजे आठ किलो बिनमिठाचे लोणी घ्यावे लागते. आजवर आपण डेन्मार्कचे लुर्पाक घेत आलो. यंदा मात्र सात कुटुंबांनी मला स्वतंत्रपणे कळवले आहे की, गाईंच्या खाद्यात बोव्हेर, म्हणजे गाईंच्या पोटात तयार होणारा मिथेन वायू कमी करणारा पदार्थ, मिसळला जात असेल तर त्या लोण्याचे तूप त्यांना नको. दिवाळीला भर पंगतीत तुपाची विचारणा झाली आणि वाढणाऱ्या मुलींना उत्तर देता आले नाही. तो प्रसंग पुन्हा येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आर्वीच्या वहिनी सध्या गावी आहेत. त्यांनी घरचे तूप पाठवले तर प्रश्नच मिटेल, असे तिघांनी सुचवले आहे. वहिनी, आपण हे वाचत असाल तर कृपया कळवावे.

*

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
दिनांक: ४ जानेवारी

त्या सात कुटुंबांपैकी एक आमचे आहे, म्हणून उघडपणे लिहिते. बोव्हेरच्या पोत्यावर तो हाताळणाऱ्यासाठी सूचना छापलेल्या असतात: डोळ्यांना आणि त्वचेला त्रास होऊ शकतो, श्वासावाटे आत जाऊ देऊ नये. जो पदार्थ हातमोजे घालून ओतावा लागतो, तो माझ्या मुलांच्या पोळीवर नको, असे एखाद्या आईला वाटले तर तिला अडाणी ठरवू नये. डेन्मार्कमध्ये २०२५ पासून पन्नासपेक्षा जास्त गाई असलेल्या, सेंद्रिय नसलेल्या गोठ्यांना मिथेन कमी करणे सक्तीचे झाले. त्यानंतर शरद ऋतूत तिथल्या अनेक शेतकऱ्यांनी गाई आजारी पडल्याच्या, दूध घटल्याच्या तक्रारी केल्या आणि त्यांची चौकशी सुरू झाली. ही चौकशी पूर्ण होईपर्यंत तरी आपण थांबायला काय हरकत आहे? सेंद्रिय लोणी सहज मिळते आणि सेंद्रियच्या नियमांत हा पदार्थ बसत नाही.

*

प्रेषक: डॉक्टरकाका
दिनांक: ५ जानेवारी

ताई, आपल्याला कोणी अडाणी म्हणणार नाही. पण नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकून पुढे बारा वर्षे हिंगणघाट-समुद्रपूरच्या गोठ्यांत हिंडलेला माणूस म्हणून काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव चारा कुजवतात, आणि त्यांतलेच काही जीव त्या क्रियेतून सुटणाऱ्या हायड्रोजनपासून मिथेन तयार करतात. बोव्हेरमधले द्रव्य मिथेन बनवणाऱ्या शेवटच्या पायरीवरचे विकर (एन्झाइम) काही तास अडवून धरते. गाईमागे दिवसाला साधारण पाव चमचा एवढी ती मात्रा असते आणि तिने दुभत्या गाईचा मिथेन सरासरी तीस टक्क्यांनी कमी होतो. ते द्रव्य पोटातच फुटते आणि दुधात उतरत नाही, असा ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा निष्कर्ष आहे. युरोपीय संघाने त्याला २०२२ मध्ये, ब्रिटनने २०२३ च्या अखेरीस मान्यता दिली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लुर्पाक बनवणाऱ्या अर्ला कंपनीने इथल्या तीसेक गोठ्यांवर चाचणी जाहीर केली तेव्हा लोकांनी दूध मोरीत ओतले. पण हातमोज्यांची सूचना खाद्यात मिसळण्याआधीच्या भुकटीसाठी आहे. आपल्याकडचा कळीचा चुनाही डोळ्यांत गेला तर डोळा जातो, तरी पानाला लावलेला चुना आपण खातो.

डेन्मार्कच्या गाईंचा प्रश्न खरा आहे आणि त्याची कसून चौकशी व्हायला हवी. तो गाईंच्या प्रकृतीचा प्रश्न आहे. लोण्यात काय उतरते हा दुसरा प्रश्न आहे. दोन्ही एकत्र केले तर एकाचेही उत्तर मिळत नाही.

*

प्रेषक: अकोल्याचे काका
दिनांक: ५ जानेवारी

डॉक्टरसाहेबांच्या ज्ञानाविषयी मला आदर आहे. परंतु मी या देशात १९८८ साली आलो, त्यामुळे मला वेगळ्या गोष्टी आठवतात. गाईंना वेड लावणारा रोग इथे १९८६ मध्ये ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांसाची आणि हाडांची भुकटी गवत खाणाऱ्या गाईंच्या खाद्यात मिसळल्यामुळे तो पसरला होता. पुढची दहा वर्षे आम्हाला काळजीचे कारण नसल्याचे सांगितले गेले आणि २० मार्च १९९६ रोजी सरकारने संसदेत माणसांच्या आजाराशी त्याचा संबंध असण्याची शक्यता मान्य केली. आपण गोमांस खात नव्हतो म्हणून आपली घरे त्या भीतीतून थोडी बाहेर राहिली. पण गाईच्या खाद्यात कोणी काही नवे घालू लागले की माझ्या पिढीच्या पोटात गोळा येतो, आणि तो निव्वळ अज्ञानातून येत नाही.

आमच्या बाळापूरकडच्या आईच्या तुपाला असल्या कशाचा वास नव्हता. वहिनींनी गावचे तूप पाठवावे, असे सुचवणाऱ्या तिघांपैकी मी एक आहे.

*

प्रेषक: खजिनदार
दिनांक: ५ जानेवारी

गावच्या तुपाबद्दल तातडीने लिहितो, कारण हा विषय पुढे गेला तर अडचण मंडळावर येईल. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला ब्रिटनमध्ये दूध, तूप, पनीर, खवा यांपैकी काहीही सामानात आणता येत नाही. आणलेले विमानतळावर काढून घेतले जाते. माझ्या बहिणीचे दोन किलो तूप माझ्या डोळ्यांदेखत असेच गेले आहे. मंडळाच्या कार्यक्रमासाठी म्हणून कोणी तूप आणू नये, अशी नोंद मागच्या कार्यकारिणीत झालेली आहे.

सेंद्रिय लोणी पाकिटामागे जवळपास एक पौंड महाग पडते. बत्तीस पाकिटांचा हा वाढीव खर्च अंदाजपत्रकात धरलेला नाही. दुकानाची निवड भोजन समितीची असली, तरी वाढीव खर्चाला कार्यकारिणीची संमती लागते आणि ती आधी घ्यावी.

*

प्रेषक: आर्वीच्या वहिनी
दिनांक: ६ जानेवारी

गावात दोन दिवस वीज येऊन-जाऊन होती, म्हणून उशिरा लिहिते. तूप मी पाठवणार नाही. खजिनदारांनी सांगितलेला नियम हे एक कारण झाले. दुसरे कारण मी इथे राहिल्यावर मला कळले आणि ते सर्वांनी वाचावे, असे मनापासून वाटते.

सासूबाईंची कंबर दुखावल्यापासून, म्हणजे दिवाळीपासून, गोठा माझ्याकडे आहे. दोन गवळाऊ गाई आणि एक म्हैस आहे. आपल्या वर्धा जिल्ह्याची ही पांढरी, उंच, चपळ जात. दूध बेताचे, दोन्ही वेळचे मिळून तीन-चार लिटर. सकाळी त्या रानात चरायला जातात, संध्याकाळी त्यांच्यापुढे सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार पडते, आणि दुधावरच्या गाईला वरून भिजवलेली सरकीची ढेप, म्हणजे पेंड. मीही तिकडे असताना याच गोठ्याच्या तुपाला जगातले सर्वांत शुद्ध तूप म्हणत होते.

मागच्या आठवड्यात ढेपेचे नवे पोते उघडले. वरचे तुकडे नेहमीसारखे पिवळट होते. तळाकडचा एक तुकडा मी हाताने फोडला, तर आतून हिरवट-काळी लव निघाली आणि ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला. गड्याने तो तुकडा गाईच्या पुढे धरला, तिने हुंगले आणि मान मागे घेतली. तो म्हणाला, “जनावर हुंगून मांगं सरलं तं समजाचं, ढेपीत काही तरी हाय.” म्हैस मात्र तेच घमेले चाटूनपुसून साफ करते, हेही त्यानेच सांगितले. पावसाळाभर असे कितीतरी तुकडे भिजवून तिला घातले गेले असतील, कारण खराब तुकडा फेकून देण्याएवढी ढेप स्वस्त नाही.

ही बुरशी काय करते, ते मी इथे आल्यावर वाचले. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते जनावराच्या यकृतात बदलते आणि एका दिवसाच्या आत दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांत ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त सापडले. लोक ज्या भेसळीला घाबरतात तिच्यापेक्षा हीच गोष्ट त्या पाहणीत ठळकपणे पुढे आली. तीही आपली मर्यादा, जी किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. युरोपात ती तिच्या दहाव्या हिश्शाएवढी आहे.

काकाजी, आपल्या आईंच्या तुपाबद्दल वाईट बोलण्याची माझी छाती नाही. पण खाद्य तुपात उतरते, हे आपल्या भागाइतके कोणाला माहीत असावे? सरकी खाणाऱ्या जनावराचे तूप घट्ट होते आणि त्याची रवाळ कणी वेगळी पडते. इतके की, शुद्ध तुपाच्या सरकारी मानकांत कापूसपट्ट्यातल्या तुपासाठी वेगळे आकडे ठेवावे लागले होते, नाहीतर आपले अस्सल तूप प्रयोगशाळेत भेसळीचे ठरले असते. ज्या तुपाच्या चवीची आपण सर्वजण आठवण काढतो, ती चव ढेपेची आहे. तिथल्या पाव चमच्याची निदान कोणीतरी वर्षानुवर्षे तपासणी केली. आमच्या ओसरीवरच्या पोत्याची तपासणी गाईच्या नाकाशिवाय कोणी केलेली नाही.

*

प्रेषक: अकोल्याचे काका
दिनांक: ६ जानेवारी

वहिनी, आपण लिहिलेले दोनदा वाचले. आमच्या घरी ढेप ओसरीवर कधीच ठेवत नसत. माळ्यावर, खाली लाकडी पाट घालून, भिंतीपासून हातभर दूर ठेवत आणि पावसाळ्यात महिन्याला पुरेल एवढीच आणत. लहान वासराला तर ढेपेचा तुकडाही देत नसत, आई त्याबाबतीत फार कडक होती. ही शिस्त कशासाठी होती, ते आज समजले.

तथापि एक मुद्दा राहतो. कपाशीवर होणारी फवारणी आपण सर्वांनी पाहिली आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी, शेतमजूर दगावले. ती औषधे सरकीत आणि कुटारात राहत असतील तर तुपाचे काय?

*

प्रेषक: डॉक्टरकाका
दिनांक: ६ जानेवारी

वासराबद्दल आपल्या मातोश्रींचे बरोबरच होते. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. मोठ्या जनावराचे पहिले पोट ते बरेचसे निष्प्रभ करते. वासराचे ते पोट तयार झालेले नसते, त्यामुळे त्याला ते बाधते.

फवारणीबद्दल: डीडीटीसारखी जुनी औषधे स्निग्धांशात साठत आणि म्हणून तुपात आढळत, ही भीती रास्त होती. बुरशीच्या विषाचे नेमके उलट आहे. ते दुधातल्या प्रथिनांना, केसीनला, चिकटून राहते. म्हणून ते चीज-पनीरमध्ये एकवटते, लोण्यात कमी उतरते आणि प्रथिने बेरीत निघून गेल्यामुळे कढवलेल्या तुपात त्याहून कमी राहते. वहिनी, आपल्या घरचे तूप ही त्या गोठ्यातली सर्वांत कमी काळजीची वस्तू आहे. काळजी नातवंडांना मिळणाऱ्या दुधाची करा. खराब ढेप आजच बंद केली, तर तीन-चार दिवसांत दूध बहुतांशी निवळते. ते पोते कुणाला देऊ नका, शेणखताच्या खड्ड्यातही टाकू नका.

ढेपेचा नमुना तपासायचा असल्यास नागपूरच्या आमच्या महाविद्यालयातील पशुपोषण विभागात विचारून पाहा. नमुना एकाच तुकड्याचा नको. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडा-थोडा घेऊन मिसळा, कारण बुरशी सगळीकडे सारखी नसते.

*

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
दिनांक: ७ जानेवारी

वहिनींच्या पत्रामुळे मी अंतर्मुख झाले, हे प्रांजळपणे सांगते. तरीही माझी मूळ मागणी मी मागे घेत नाही. वहिनी स्वतः पोते उघडू शकल्या, तुकडा फोडू शकल्या, गाईने मान फिरवलेली पाहू शकल्या. मी दुकानातल्या पाकिटाच्या बाबतीत यांतले काहीच करू शकत नाही. गाईने काय खाल्ले हे पाकिटावर छापण्याचे बंधन नाही. ते छापावे आणि मग ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे, एवढेच मला हवे आहे. वाढीव खर्चासाठी आम्ही सात कुटुंबे बत्तीस पौंड देण्यास तयार आहोत. तसे खजिनदारांना स्वतंत्र कळवले आहे.

*

प्रेषक: खजिनदार
दिनांक: ७ जानेवारी

रक्कम देणगी म्हणून स्वीकारता येईल, पावती मिळेल. मात्र देणगीदारांच्या अटीवर खरेदी ठरते असा पायंडा पडू नये, म्हणून ही रक्कम सर्वसाधारण निधीत जमा होईल आणि वाढीव खर्चाला कार्यकारिणीने वेगळी संमती दिली आहे. माझ्याकडून हा विषय संपला.

*

प्रेषक: भोजन समिती
दिनांक: ८ जानेवारी

सेंद्रिय, बिनमिठाच्या लोण्याची बत्तीस पाकिटे शनिवारी आणत आहोत. पाकिटे तूप होईपर्यंत जपून ठेवू, ज्यांना पाहायची असतील त्यांनी पाहावीत. तूप रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या ताईंच्या घरी कढवायचे आहे. जाड बुडाचे मोठे पातेले आणि गाळण्यासाठी स्वच्छ मलमलचे फडके कोणाकडे असल्यास आणावे. बेरी टाकू नये, तिच्यात गूळ घालून मुलांना देणार आहोत.

*

प्रेषक: आर्वीच्या वहिनी
दिनांक: ९ जानेवारी

डॉक्टरसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे तिन्ही ठिकाणचा नमुना घेतला, भाचा सोमवारी नागपूरला नेणार आहे. पोते परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता; मी फोडलेला तुकडा त्याच्या गल्ल्यावर ठेवला तेव्हा त्याने निम्मे पैसे वळते केले. गावातल्या आणखी चार घरांनी त्याच दिवशी तीच ढेप नेली होती. काल संध्याकाळी त्या चारही घरी जाऊन पोती उघडायला लावली. दोघांकडची चांगली निघाली, तिसऱ्याची तळाशी खराब होती. चौथ्या घरचे पोते संपले होते, आणि तिथे सहा महिन्यांचे बाळ गाईच्या दुधावर आहे. त्यांना आठवडाभर माझ्या गाईचे दूध देते आहे, कारण खराब तुकडा तिने तोंडी लावला नव्हता आणि नवे पोते उघडल्यापासून ती निव्वळ कुटारावर आहे. नमुन्याचे उत्तर आले की इथे लिहीन.