डायोनिसियस नक्की किती होते?

अक्षरवेल (प्रश्न):
नवप्लेटोवादाविषयी (प्लेटोच्या विचारांवर पुढे उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञानाविषयी) वाचताना 'डायोनिसियस' हे नाव मला चार ठिकाणी चार रूपांत भेटले. कुठे तो संत पौलाचा अथेन्समधला अनुयायी आहे, कुठे पॅरिसचा हुतात्मा बिशप, कुठे ईश्वर शब्दांत मावत नाही असे सांगणारा ग्रंथकार, तर कुठे चक्क व्याकरणकार. यांपैकी कोण एक आणि कोण वेगळे, आणि हे कशावरून ठरवले जाते, हे जाणकारांनी सांगावे.

टाकबोरू:
व्याकरणकार निश्चितच वेगळा. डायोनिसियस थ्रॅक्स हा इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा पंडित अरिस्टार्कस याचा शिष्य. त्याच्या नावावरच्या छोट्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग सांगितले आहेत. आपण शाळेत पाठ केलेल्या शब्दांच्या आठ जातींमधला 'आठ' हा आकडा लॅटिन आणि इंग्रजी व्याकरणांच्या वाटेने तिथूनच आला, यादी मात्र वाटेत बदलली. ऑगस्टसच्या काळात रोममध्ये राहून रोमचा इतिहास वीस खंडांत लिहिणारा हॅलिकार्नाससचा डायोनिसियस हा आणखी निराळा. डायोनिसस या देवावरून पडलेले हे नाव ग्रीकांत इतके सर्रास होते की माणूस ओळखायला गाव किंवा गुरू जोडावाच लागे. मराठी बायबलनेही पौलाच्या त्या अनुयायाला 'अरीयपगकर' (अरीयपग म्हणजे अथेन्सची टेकडी आणि तिथली न्यायसभा) करून टाकले आहे, ते मला फार आवडते.

पैलतीर:
खरा गुंता उरलेल्या तिघांचा आहे. अरीयपगकराचा उल्लेख बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात जेमतेम एका वचनात येतो. पॅरिसचा बिशप तिसऱ्या शतकातला. 'ईश्वराची नावे' आणि 'गूढ ईश्वरविद्या' लिहिणाऱ्याने आपण पौलाचा शिष्य असल्याचा आव आणला खरा, पण तो इसवी सन ५०० च्या आसपासचा. ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या ख्रिस्ती धर्मपंडितांच्या वादसभेत हे ग्रंथ पुराव्यादाखल पुढे आले, तेव्हा इफिससचा बिशप हायपेशियस याने लगेच शंका काढली की हे लेखन इतके जुने असते, तर अथनेशियस आणि सिरिल या आधीच्या थोर धर्माचार्यांनी त्याचा आधार घेतला नसता का? हा आक्षेप पुढे विसरला गेला. ८२७ मध्ये बायझंटाइन सम्राटाने या ग्रंथांचे हस्तलिखित फ्रँकांच्या राजाला भेट पाठवले, ते पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठात गेले आणि तिथला मठाधिपती हिल्डुइन याने तिघांचे एकच चरित्र रचले. बाराव्या शतकात त्याच मठात राहणाऱ्या आबेलार या तत्त्वज्ञाने आठव्या शतकातला इंग्लिश इतिहासकार बीड याचा दाखला देऊन म्हटले की हा डायोनिसियस अथेन्सचा नव्हे, करिंथचा बिशप होता. बीडचेही चुकलेलेच होते, कारण करिंथचा डायोनिसियस हा दुसऱ्या शतकातला चौथाच माणूस. पण आपल्या मठाच्या संताच्या ओळखीवरच शंका घेतली म्हणून मठवासी एवढे खवळले की आबेलारला रातोरात पळ काढावा लागला.

निकाल लागला तो मजकुरावरून. १८९५ मध्ये स्टिग्लमायर आणि कोख या दोन जर्मन अभ्यासकांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, 'ईश्वराची नावे' मधले अनिष्टाविषयीचे विवेचन नवप्लेटोवादी तत्त्वज्ञ प्रोक्लस याच्या ग्रंथावरून उतरवलेले असल्याचे दाखवून दिले. प्रोक्लस ४८५ मध्ये वारला. पौलाच्या श्रोत्याने त्याचे लेखन वाचणे शक्य नव्हते.

अक्षरवेल:
दोघांचेही आभार. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजणारा डायोनिसियसही यांच्यापैकीच का?

टाकबोरू:
नाही, तो डायोनिसियस एक्झिगुअस. सहाव्या शतकात रोममध्ये राहून त्याने ग्रीक धर्मग्रंथ लॅटिनमध्ये आणले आणि ५२५ मध्ये ईस्टरच्या तारखांचे कोष्टक करताना ती कालगणना योजली.

पैलतीर:
एक मात्र राहिला, आणि आपल्या 'कशावरून' या प्रश्नाला तोच सर्वांत जवळचा. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने असे प्रतिपादन केले की योहानाचे शुभवर्तमान आणि प्रकटीकरण ही बायबलमधली पुस्तके एकाच योहानाची नव्हेत. शुभवर्तमानाचे ग्रीक निर्दोष आहे, तर प्रकटीकरणात व्याकरणाच्या चुका आहेत; शिवाय श्रद्धावंतांच्या घरी जशी पौल आणि पेत्र नावाची पुष्कळ मुले असतात, तसे योहानही पुष्कळ असणार, आणि इफिससमध्ये योहानाच्या म्हणून दोन कबरी सांगितल्या जातातच, असा त्याचा युक्तिवाद चर्चचा इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवला आहे. गंमत म्हणजे त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर या सिद्धांताच्या) प्रश्नावर याच बिशपला ज्या पोपने पत्र लिहून जाब विचारला, त्याचेही नाव डायोनिसियसच होते.