केळीतला मर रोग टीआर-४: रावेर पट्ट्यात बागेपुरती काय काळजी घ्यायची?

बागायतदार_रावेर
राम राम मंडळी. जी-नाइन जातीच्या केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आहे. सात-आठ झाडांची खालची पानं कडेने पिवळी पडून देठात मोडतात आणि खोडाला लोंबतात. बिहार, उत्तर प्रदेशात टीआर-४, म्हणजे मातीतून पसरणाऱ्या बुरशीचा नवा मर रोग आलाय, म्हणून धास्ती आहे. त्यात शेजारचे भाऊ परराज्यातून कंद आणतायत. बुटाच्या मातीतून रोग येऊ नये म्हणून परदेशात गेटवरच बूट धुवायला लावतात, ते तीन एकरात कसं जमवायचं?

केळीमित्र_यावल
आधी ओळख पटवा. हरण्या या विषाणूच्या रोगात कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे येतात आणि पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडतो. कंदकुज असेल तर बुडाला घाण वास येतो, झाड हलवलं की उन्मळतं. पालाश कमी पडलं तरी जुनी पानं पिवळी होतात, पण खोड आतून पांढरंच राहतं. मर रोगात खोड बुडाशी उभं चिरतं आणि आडवा काप घेतला की नळ्यांचं तपकिरी-लालसर कडं दिसतं.

जुन्या मर रोगाच्या बुरशीचा प्रकार, रेस-१, कॅव्हेंडिश गटाच्या केळीला सहसा लागत नाही. बसराई, श्रीमंती, जी-नाइन सगळ्या कॅव्हेंडिशच. म्हणून असं कडं दिसलं तर टीआर-४चा संशय धरूनच वागा, आणि यातली एक जात काढून दुसरी लावली तरी सुटका नाही.

संशयित झाड उपटू नका, तुकडे बांधावर फेकू नका. भोवती दोरी बांधून माणसं-जनावरं थांबवा. तिथलं पाटपाणी बंद करा, वाहत्या पाण्याबरोबर बुरशी पुढच्या वाफ्यात जाते.

बागायतदार_रावेर
नमुना कुठे द्यायचा?

केळीमित्र_यावल
रावेर तालुक्यातल्या पाल गावचं कृषी विज्ञान केंद्र किंवा जळगावचं केळी संशोधन केंद्र. शक्यतो त्यांनाच बागेत बोलवा. स्वतः घ्यायचा झाला तर खोडातल्या तपकिरी नळ्यांचे बोटभर तुकडे कोऱ्या कागदात सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटातच द्या. प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजतात, मग तपासणीत दुसरेच जंतू वाढतात. अंतिम खात्री प्रयोगशाळेतल्या पीसीआर (जनुकीय) चाचणीनेच होते. कोयता लगेच निर्जंतुक करा.

मातीपाणी_चोपडा
बूट धुण्याचं सांगतो. पहिली पायरी ब्रश आणि साधं पाणी, औषध त्यानंतर. माती चिकटलेली असेल तर औषधाची ताकद मातीतच संपते. बहुतेकांचं इथेच चुकतं. बेंझल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक ५० टक्क्यांचं मिळालं तर १० लिटर पाण्यात २५ मिली, म्हणजे साधारण १२५० पीपीएम (दहा लाखात १२५० भाग). अवजारं १५ मिनिटं बुडवून ठेवा. टबावर सावली हवी, आणि पाणी गढूळ झालं की बदलायचं. ब्लीचिंगचं पाणी मातीमुळे लवकर निकामी होतं आणि लोखंड खातं.

याहून सोपं म्हणजे बागेचे चार-पाच गमबूट गेटवर ठेवा. कापणीची टोळी, व्यापारी, सगळ्यांनी तेच घालायचे. गाडी रस्त्यावरच थांबवा, घड बांधापर्यंत वाहून आणा.

शेजारच्या भाऊंना मात्र आजच गाठा. कंद वरून धुतला तरी आतली बुरशी जात नाही. प्रमाणित टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं घ्यायला लावा.

तापीकाठ
एवढा खटाटोप वाया जात नाही. ऑस्ट्रेलियात टली भागात २०१५ला रोग सापडला. तिथे गेट, बूट, गाड्या कडक सांभाळल्यामुळे प्रसार बराच मंद राहिला. दक्षिण अमेरिकेत मात्र तो देशोदेशी सापडत गेला: कोलंबियात २०१९, पेरूत २०२१, व्हेनेझुएलात २०२३. मातीतले बीजाणू दशकानुदशकं टिकतात, त्यामुळे एकट्या देशाने लढून भागत नाही. म्हणून एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) जागतिक केळी मंचाने टीआर-४साठी देशांचं जाळं उभं केलं आहे.

वाणांचंही तसंच. तैवानने टिश्यूकल्चरच्या रोपांतून निवडलेली फॉर्मोसाना ही जात बरीच सहनशील आहे, पण पूर्ण प्रतिकारक नाही. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या जनुकपेढीत १६००हून जास्त केळीवाण जपलेत. ते संशोधन संस्थांना रोगमुक्त करून देतात, आणि भारतात येताना दिल्लीच्या एनबीपीजीआर या सरकारी संस्थेच्या विलगीकरणातून यावं लागतं. कुणी विदेशी प्रतिकारक रोपं परस्पर विकायला आला तर घेऊ नका, कृषी विभागाला कळवा.

रावेरचे भाऊ, कापाचा फोटो टाका. जमिनीपासून वीतभर उंचीवरचा आडवा काप, उन्हात काढलेला.