कोरफड बुडाशी मऊ पडलीय, काय करू?

खिडकीबाग, इंदूर:
आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत कोरफड आहे. माती अंगणातली काळी, पाणी दिवसाआड. खालची पानं पिवळी पडून बुडाशी पचपचीत झालीत, वरची अजून ताठ आहेत. खिडकी दक्षिणेची. ऊन कमी पडतंय का? शेजारी तीन-चार पिल्लंही आलीत, ती तरी वाचतील ना?

माळवा-माळी:
ताई, ऊन नाही, पाणी जास्त झालंय. आपली माळव्याची काळी माती वरून भेगाळलेली दिसते, पण आत ओल तशीच धरून ठेवते. त्यात प्लास्टिक, म्हणजे कुंडीच्या अंगातूनही ओल उडत नाही. मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती सडतात.

आजच झाड उपटा आणि मुळांवरची माती झटका. पांढरट-पिवळसर, ताठ मुळं ठेवा. दाबल्यावर साल निसटते ती काळी मुळं कापून टाका. मग खोडाचा काप बघा. मधे तपकिरी ठिपका दिसला तर स्वच्छ, फिकट गर लागेपर्यंत चकत्या काढत वर जा आणि प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसा. ठिपका थोडा जरी राहिला तरी सड पुन्हा वर चढते. झाड सावलीत 4-5 दिवस उघडंच ठेवा. काप सुकून खपली धरली की लावा, ओल्या जखमेतून बुरशी आत शिरते.

खोडच गेलं तर नुसतं पान मातीत खोचू नका, ते बहुतेक वेळा मुळं न फुटताच कुजतं. पिल्लं सोडवा, पण स्वतःची मुळं असलेलीच.

कुंडीवाले:
मातीचं प्रमाण: जाड वाळू 2 भाग (चाळणीवर राहील ती), विटेचे वाटाण्याएवढे तुकडे 1 भाग, माती 1 भाग, जुनं शेणखत अर्धा भाग. कुंडी भाजक्या मातीची, मुळांच्या पसाऱ्यापेक्षा इंच-दीड इंचच मोठी. तळाला खडीचा थर अजिबात नको. पाणी त्याच्यावर अडतं आणि ओल उलट मुळांपाशी येते. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे.

लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. नंतर दिवस मोजू नका, काडी तळापर्यंत खुपसा. कोरडी निघाली तरच भोकातून वाहेपर्यंत पाणी घाला आणि ताटलीतलं फेकून द्या. उन्हाळ्यात साधारण 8-10 दिवसांनी, पावसाळ्यात आणि थंडीत तीन आठवडेही चालतं. पानं पातळ होऊन आत वळली तर ती तहान. तहानलेली कोरफड एका पाण्यात सावरते, सडलेली सावरत नाही.

माळवा-माळी:
खिडकीचंही सांगतो. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली आहे, त्यामुळे मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरत नाही. थंडीत तीच खिडकी उत्तम. उन्हाळ्यात पूर्वेला हलवा. एकदम गच्चीवर नेऊ नका, पानं तांबूस-तपकिरी होतात. रोज तासाभराने ऊन वाढवा.

खिडकीबाग:
समजलं, आजच उपटते. वरची ताठ पानं केसांना वापरली तर चालतील?

कुंडीवाले:
चालतील, मऊ भाग सोडून. कापलेलं पान 10-15 मिनिटं उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्या, मग धुऊन गर काढा. तो चीक काहींच्या कातडीला खाजतो आणि पोटात गेला तर जुलाब होतात.