आश्रमशाळांतल्या मुलींमधला ॲनिमिया: वेगवेगळ्या शाखांच्या लोकांनी मिळून संशोधन करायला कसं शिकावं? सल्ला हवा

निळीशाई
नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमध्ये १० ते १९ वयाच्या मुलींमधला ॲनिमिया आणि लोहाच्या साप्ताहिक गोळ्या न घेण्यामागची कारणं, असा अभ्यास करायचा आहे. आम्ही पाच जण आहोत: कम्युनिटी मेडिसिनच्या डॉक्टर, समाजशास्त्राच्या प्राध्यापिका, संख्याशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मोबाईलवर माहिती भरण्याची व्यवस्था करणारा अभियंता. आपापल्या विषयात सगळे पक्के, पण दुसऱ्या शाखेबरोबर संशोधन कुणीच केलेलं नाही. मुदत दीड वर्ष, निधी बेताचा. सुरुवात कुठून करावी? काम कुठे अडतं? शिकण्यासाठी काही आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

सह्यकडा
पहिली बैठक प्रश्नावली बनवायला घेऊ नका. पाचही जणांनी एकमेकांशी न बोलता एकेक पान लिहून आणायचं: माझ्या मते प्रश्न काय आहे, पुरावा म्हणून मी काय धरेन, आणि कोणता निष्कर्ष आला तर मी माझं मत बदलेन. ही पानं मोठ्याने वाचा. डॉक्टरांच्या पानावर हिमोग्लोबिन असेल, समाजशास्त्राच्या पानावर अधीक्षिका (वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई) आणि मुली यांचं नातं, आहारतज्ज्ञांच्या पानावर भोजनगृहातलं ताट. इथे 'प्रत्येकाने आपापला भाग करू, शेवटी जोडू' असं ठरलं की अभ्यासाचे पाच तुकडे होतात आणि ते शेवटी कधीच जुळत नाहीत. जोड प्रश्नातच घालावी लागते. उदाहरणार्थ: 'गोळी शाळेत येते तिथपासून मुलगी ती गिळेपर्यंत कुठे कुठे अडते, आणि नियमित गिळणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन इतरांपेक्षा वेगळं दिसतं का?' या एका वाक्यात पाचही जणांना काम आहे, आणि एकाचं काम दुसऱ्याशिवाय पुरं होत नाही.

दुसऱ्या बैठकीत व्याख्या लिहून काढा. 'नियमित' म्हणजे काय? गेल्या चार आठवड्यांत किमान तीन गोळ्या? हे मुलीच्या सांगण्यावरून ठरवायचं की शाळेच्या नोंदवहीवरून? दोन्ही नोंदवा. नोंदवहीत चार आणि मुलगी म्हणते एक, ही तफावतच तुमच्या अभ्यासाचा गाभा ठरू शकते.

मध्यक
नमुन्याचं गणित खर्चाच्या चर्चेआधीच मांडा. ५० टक्के प्रमाण, ५ टक्के इकडेतिकडे, ९५ टक्के विश्वासपातळी धरली तर ३८४ मुली येतात. हा आकडा पाहून सगळे खूश होतात आणि तिथेच फसतात. एका शाळेतल्या मुली एकच जेवण जेवतात, एकाच अधीक्षिकेकडून गोळी घेतात, त्यामुळे त्या एकमेकींसारख्या असतात. म्हणून ३८४ ला १ + (एका शाळेतून घेतलेल्या मुली − १) × शाळांतर्गत साम्य याने गुणायचं. शाळांतर्गत साम्य म्हणजे एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या किती, ते दाखवणारा आकडा.

साम्य ०.०५ धरू. प्रत्येक शाळेतून ४० मुली घेतल्या तर गुणक २.९५, म्हणजे १,१३३ मुली. १० टक्के गळती (गैरहजर किंवा नकार देणाऱ्या मुली) धरून १,२५९, म्हणजे ३२ शाळा. २० मुली घेतल्या तर गुणक १.९५, म्हणजे ७४९. गळती धरून ८३३, म्हणजे ४२ शाळा. चारशेहून जास्त मुलींचं रक्त घेणं वाचतं, पण दहा शाळांचा प्रवास वाढतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटवाटा लक्षात घेता हा निर्णय एकट्या संख्याशास्त्रज्ञाचा नाही. प्रयोगशाळा, गाडी, मनुष्यबळ सगळं समोर ठेवून पाचही जणांनी घ्यावा. ०.०५ हे मी उदाहरणापुरतं धरलंय, आधीच्या तशाच अभ्यासातला आकडा मिळाला तर तो वापरा.

आणखी एक: एकाच वेळी केलेल्या मोजणीतून फरक दिसेल, 'गोळीमुळे हिमोग्लोबिन वाढलं' हे सिद्ध होणार नाही. निष्कर्ष लिहिताना डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांनाही ही मर्यादा पाळावी लागेल.

ओवी
मुलाखती 'नंतर वेळ उरला तर' या खात्यात टाकू नका. त्या आधी घ्या. तीन-चार गटचर्चा आणि १२ ते १५ मुलाखती (मुली, अधीक्षिका, स्वयंपाकी, आरोग्यसेविका), आणि त्यातून प्रश्नावलीतले पर्याय तयार करा. नाहीतर 'गोळी का घेतली नाही?' याखाली 'विसरले', 'आवडत नाही', 'इतर' एवढंच राहतं आणि निम्मी उत्तरं 'इतर'मध्ये जातात. प्रत्यक्षात रिकाम्या पोटी दिल्याने मळमळ, शी काळी होते म्हणून भीती, मोठ्या मुलींनी पसरवलेल्या अफवा, साठाच संपलेला, अशी निरनिराळी कारणं असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा. रिकाम्या पोटाचा प्रश्न गोळी जेवणानंतर दिल्याने सुटतो. काळ्या शौचासाठी आधी समजावून सांगावं लागतं.

चर्चेच्या वेळी शिक्षक किंवा अधीक्षिका खोलीत नकोत. चर्चा घेणारी पावरी, भिली किंवा मावची बोलणारी हवी. मराठीत विचारलं की मुली शाळेतलं उत्तर देतात. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचं लेखन करायला पाच ते आठ तास लागतात, भाषांतर असेल तर आणखी. अंदाजपत्रकात याची वेगळी ओळ ठेवा, बहुतेक संघांचे पैसे इथेच संपतात.

मध्यक
@ओवी, पण १५ मुलाखतींवरून जिल्ह्याबद्दल काय बोलणार?

ओवी
किती टक्के, ते नाही बोलणार. काय काय घडतं आणि का, तेवढंच. किती जणींच्या बाबतीत घडतं ते तुमच्या ८३३ सांगतील. दोन्ही बाजू एका तक्त्यात आणा: डाव्या रकान्यात मुलाखतीतलं कारण, मधल्या रकान्यात ते कारण सांगणाऱ्या मुलींचं प्रमाण आणि हिमोग्लोबिनची सरासरी, उजव्या रकान्यात 'जुळतं, जुळत नाही, नवीनच दिसतं'. जिथे जुळत नाही ती ओळ सगळ्यांनी मिळून लिहायची. हा रिकामा तक्ता माहिती गोळा करण्याआधीच भिंतीवर लावा. ज्या प्रश्नाला त्यात जागा नाही तो प्रश्नावलीतून काढून टाका.

मध्यक
पटलं. असा तक्ता असेल तर विश्लेषणाचा आराखडाही त्यावरूनच लिहिता येईल.

थेंब
रक्त आणि संमती यांबद्दल.

बोटातून रक्त घेणार असाल तर मधलं किंवा अनामिका बोट, स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिले थेंब पुसून टाकायचे, बोट दाबून रक्त काढायचं नाही. दाबलं की पेशींबाहेरचा द्रव मिसळतो आणि आकडा चुकतो. शक्य असेल तर शिरेतूनच घ्या, जागतिक आरोग्य संघटनाही शिरेतलं रक्त आणि स्वयंचलित यंत्र यांनाच पसंती देते. जांभळ्या टोपणाची (रक्त गोठू न देणारी) नळी, २ मिली, हळुवारपणे आठ-दहा वेळा उलटसुलट, बर्फाला थेट न टेकवता थंड पेटीत, आणि २४ तासांच्या आत तपासणी. रोज संध्याकाळी गाडी प्रयोगशाळेत पोचणार नसेल तर हा बेत कागदावरच राहतो. हिमोग्लोबिन ज्याखाली गेलं की ॲनिमिया धरतात ती सीमा १० आणि ११ वर्षांच्या मुलींसाठी ११.५, १२ पासून पुढे १२ ग्रॅम, हे अभियंत्याने ॲपमध्ये वयानुसार घालावं. गरोदर मुलींसाठी ती ११, मधल्या तिमाहीत १०.५ आहे.

या भागात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे. सिकलसेलच्या रुग्ण मुलीचं हिमोग्लोबिन गोळ्या नीट घेऊनही कमीच राहील. तिला वेगळं काढलं नाही तर तुम्हाला गोळ्या निरुपयोगी वाटतील. पण ही तपासणी करायची तर संमती वेगळी घ्या आणि निकाल शाळेत जाहीर होऊ देऊ नका. वाहक असल्याचं कळलं तर पुढे लग्न जुळवताना त्रास होतो. इथे समाजशास्त्राच्या प्राध्यापिकांचं मत डॉक्टरांच्या बरोबरीने मोजा.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ च्या आतल्या मुलीसाठी पालकांची संमती आणि शिवाय मुलीची स्वतःची तयारी लागते: १२ पर्यंत तोंडी, १२ ते १८ लेखी. १८ पूर्ण असेल तर तिची स्वतःची संमती. मुख्याध्यापकांची सही पालकांच्या सहीच्या जागी चालत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, म्हणून पालकांना गाठायचं तर जूनमध्ये, मुलींना शाळेत सोडायला येतात तेव्हा. नंदुरबार आणि तळोदा ही आदिवासी विकास विभागाची दोन वेगळी प्रकल्प कार्यालयं आहेत, दोन्ही प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी लागेल. नीतिसमिती (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती) आणि परवानग्या यांसाठी किमान तीन महिने धरा.

निळीशाई
इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दोन शंका: शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा ठरवावा? आणि कोर्स?

सह्यकडा
नावांचा क्रम पहिल्या महिन्यात, लेखी. गैरसमज असा होतो: वैद्यकशास्त्रात शेवटचं नाव बहुधा ज्येष्ठ मार्गदर्शकाचं, अर्थशास्त्रात वर्णानुक्रम सर्रास, आणि समाजशास्त्रात एकट्याचं पुस्तक मोलाचं. त्यामुळे 'शेवटचं नाव' एकाला मान वाटतो, दुसऱ्याला अपमान. कल्पना, आराखडा, माहिती गोळा करणं, विश्लेषण, पहिला मसुदा, असे रकाने करून नावं भरा आणि दर सहा महिन्यांनी तपासा. पाच जणांत तीन तरी निबंध निघतील, त्यांचं नेतृत्व वाटून घ्या. मुलाखती घेणाऱ्या स्थानिक मुलींनी विश्लेषणात आणि लेखनात भाग घेतला तर त्यांचं नाव लेखकांत आलंच पाहिजे. ही संधी त्यांना मुद्दाम द्या.

कोर्स: चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा मूलभूत ऑनलाईन कोर्स मोफत आहे, तो पाचही जणांनी करावा, संख्याशास्त्रज्ञानेसुद्धा. गुणात्मक पद्धतींसाठी (मुलाखती, गटचर्चा) मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आणि पुणे विद्यापीठाचा आरोग्यशास्त्र विभाग, तिथे वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी एकत्र शिकतात. गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेचं घरोघरी नवजात बालसेवेचं काम (१९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं) एकत्र बसून वाचा. गावातल्या निवडक बायकांना शिकवून दिलेली सेवा, गावागावांतली जन्म-मृत्यूची नोंद आणि मृत्युदराचं गणित एकाच अभ्यासात कसं बसवलं, हे त्यात दिसतं. शिवाय दर पंधरा दिवसांनी एकाने आपल्या शाखेतला एक निबंध बाकी चौघांना शिकवायचा, तास-सव्वातास. बाहेरच्या कोर्सपेक्षा मला हेच जास्त उपयोगी वाटतं.

थेंब
एक राहिलं. हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली आलेली मुलगी त्याच दिवशी कुणाकडे जाणार, गाडी कुणाची, सोबत कोण, पालकांना कोण कळवणार, हे नीतिसमितीच्या अर्जात नावानिशी लिहा. आणि ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांशी आधीच बोलून ठेवा, शाळेत पहिली नळी भरण्यापूर्वी.